नियुक्तीपत्रावर मूळ तारीखच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुपवाड एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करणं हे माझं काम. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या, प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं आणि पत्रं छापायची घाई सुरू झाली. चांगलंच झालं. पण दहा-बारा वर्षं लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या पत्रावर रुजू तारीख परवाची! ‘छापील नमुना आहे, सही कर’ म्हणतात आणि तो बिचारा करतो.

या तारखेने काय होतं ते मी पाहिलं आहे. 58 पूर्ण करून निवृत्त झालेल्या एका टर्नरचा हिशेब माझ्यासमोर झाला. काम केलं 14 वर्षं, पण पहिली 6 वर्षं पगार कच्च्या वहीत. कागदावर 8 वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000. त्याला 26 ने भागून 15 दिवसांचे 7,500 होतात, एका वर्षाची ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) तेवढी. 1,05,000 मिळायला हवे होते, हाती आले 60,000. पेन्शनचं तर त्याहून वाईट. पीएफच्या पेन्शनला 10 वर्षं सेवा लागते, म्हणून दरमहा पेन्शन नाहीच, एकदाच काय ती रक्कम मिळाली. त्यांच्या पत्नी पुरावा म्हणून खंडेनवमीचा जुना फोटो घेऊन आल्या होत्या. हार घातलेल्या लेथशेजारी हे उभे, मागच्या फळ्यावर खडूने साल लिहिलेलं. मालकांनी फोटो बघितला आणि परत दिला.

जुनी वर्षं पुसली की देणं कमी झालं, असं मालकांना वाटतं. तसं होत नाही. हजेरीचं मस्टर, ईएसआयचे (कामगार विम्याचे) हप्ते, बरोबरच्यांच्या साक्षी, यातलं काहीही पुढे उभं राहतं. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत दिली नाही की व्याज लागतं. पीएफ थकला तर वर्षाला 12 टक्के व्याज, वर दंड वेगळा. अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन कागदावर सेवा तोडायची जुनी युक्तीही सोडा. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

लहान मालकांची ओढाताण मला रोज दिसते. मोठ्या कंपन्यांकडे जॉबवर्कची बिलं महिनोन्‌महिने अडकतात आणि इकडे पगाराची तारीख चुकवता येत नाही. म्हणूनच सांगते, 13,000 पगारामागे ग्रॅच्युइटीसाठी दरमहा 625 रुपये वेगळ्या खात्यात टाका, पगार वाढेल तशी ही रक्कम वाढवा. शेवटी एकदम बोजा पडत नाही.

आपल्या भागातल्या उद्योजक संघटनांनी नियुक्तीपत्राचा मराठी नमुना सभासदांना द्यावा आणि त्यात ‘मूळ रुजू दिनांक’ असा रकाना ठेवावा. कामगारांनीही सही करण्याआधी तारीख वाचावी. चुकीची असेल तर खरी तारीख स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

आपली,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)