स्थळाला आधीच सांगायचं
चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल मामा येऊन गेला. कराडचं स्थळ आहे, मुलगा पुण्यातच नोकरीला, पत्रिकाही जुळतेय म्हणाला. निघताना चपला घालता घालता मला हळूच म्हणतो, "दाजी, ते दुखण्याचं आत्ता काढू नका. एकदा लग्न होऊ दे, मग सांगू सावकाश." आई काही बोलली नाही, म्हणजे तिलाही थोडं पटलं असावं. मला नाही पटलं. स्थळ बघायचं की नाही ते तू ठरव. बघायचं असेल तर लुपसचं, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या शरीरावर उलटते त्या तुझ्या आजाराचं, पहिल्याच बैठकीत सांगायचं, फाइल मी स्वतः पुढे ठेवीन.

लुपसवरची तुझी गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तुला बरं वाटत असतानाही रोज घ्यायचीय. सासरी ती चोरून घ्यायची ठरवलीस की आज पाहुणे, उद्या पूजा, असं करत चुकणारच. आणि मूल हवं असेल तेव्हा काय? आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो, मायकोफेनोलेटसारखी पोटातल्या बाळाला अपाय करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच बदलून घ्यावी लागते, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही सहसा सोडत नाहीत. हे सगळं नवऱ्याला ठाऊक नसेल तर तू कुणाशी बोलणार? हा आजार लागट नाही. मुलांना होईल का, असं ते विचारतीलच. शक्यता थोडी वाढते, पण बहुतेक मुलांना होत नाही. एवढं ऐकून त्यांनी नकार दिला तर देऊ देत.

2020 चा मार्च आठवतो ना? करोनावर चालते अशी हवा झाली आणि तुझी गोळी दुकानांतून गायब. सरकारनं निर्यात थांबवली, चिठ्ठीचे नियम कडक केले, तरी आपल्याला मिळेना. मी फाइल पिशवीत घालून मोटरसायकलवर मिरजेला गेलो. नाक्यावर पोलिसानं अडवलं, त्यालाही फाइलच दाखवली. एका दुकानदारानं तुझे जुने रिपोर्ट उलटून बघितले, आत गेला आणि दोन पट्ट्या आणून दिल्या. लपवून काय मिळालं असतं त्या दिवशी?

आत्यानं तुझ्यासाठी अल्फाल्फाचं टॉनिक आणलं होतं, अशक्तपणावर. अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास! लुपसवाल्यांनी नेमका तोच टाळायचा, त्यानं आजार उसळल्याची उदाहरणं आहेत. बाटली परत दिली. आत्या फुगून बसलीय, बसू दे. घास म्हशी खातायत.

आणि लग्न ठरलंच कुठं, तर मुहूर्त गोरज. दुपारच्या उन्हात उघड्या मांडवात तुला उभं करायला मी तयार नाही, मग भटजी काही म्हणोत. गालांवर ते लाल चट्टे पुन्हा उठलेले मला बघायचे नाहीत.

या वेळची लघवीची तपासणी राहिलीय. काही दुखत नाही म्हणून टाळू नकोस. लुपस मूत्रपिंडावर गेला आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं तरी सुरुवातीला पत्ता लागत नाही. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. स्थळाचं काय ते आईला फोन करून सांग, मामा रोज तिच्या मागे लागतोय.

तुझे,
बाबा