मनोऱ्याची वाट तरी मोडू देऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात मेळघाटातल्या वणव्यांच्या बातम्या येऊ लागतात. हल्ली त्यात 'उपग्रहाकडून सूचना मिळताच' हे शब्द हमखास असतात. वनखात्यात ३३ वर्षं काढून मी वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्या 'मिळताच'च्या पुढे काय होतं, त्याबद्दल हे पत्र. निमित्त मात्र फार लांबचं आहे.

गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे अमेरिकेत, ऑल्बनीला होतो. तिथून उत्तरेला ॲडिरॉन्डॅकचे डोंगर लागतात. १९०३ साली तिथे सहा लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं. लाकूडतोडीनंतर तशाच पडलेल्या वाळक्या फांद्या आणि त्यावर आगगाडीच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्या! १९०८ साली पुन्हा तेच झालं, तेव्हा कुठे सरकार हललं आणि १९०९ पासून शिखरांवर आगीवर नजर ठेवणारे मनोरे उभे राहू लागले. पुढे लोखंडी मनोरे आले, तेही पवनचक्क्या बनवणाऱ्या शिकागोच्या एअरमोटर कंपनीचे. सांगाडा पवनचक्कीचाच, फक्त वर पात्यांच्या जागी काचेची खोली.

जावईबापूंनी आधी हॅडली डोंगरावर नेलं. उंची २६७५ फूट, मनोरा १९१७ चा. गावकऱ्यांनी समिती करून तो दुरुस्त केलाय, वाट झाडून ठेवल्यासारखी आहे आणि लहान पोरंसुद्धा वर चढत होती. छान वाटलं. पण मला ती सहल झाली, डोंगर झाला नाही. म्हणून दुसऱ्या रविवारी टोमॅनी नावाच्या डोंगरावर गेलो. तिथला मनोरा केव्हाच काढून नेलाय आणि वाट सोडून दिलेली आहे.

सुरुवातीचा अर्धा तास वाट आहे की नाही हेच कळेना. आडवी पडलेली झाडं, गुडघाभर नेचे, त्यावर ओला पाला. जावईबापू मोबाईलमधला नकाशा बघत होते, मी जमीन बघत होतो. जुनी वाट मातीत थोडी बसलेली असते, पावसाचं पाणी तिच्यातूनच उतरतं, त्यामुळे तिच्यातले दगड धुतलेले दिसतात. एकदा ते ओळखलं की सुटत नाही. आणि मग एका झाडावर, डोक्याच्या वर हातभर, तार अडकवायची चिनीमातीची पांढरी चिमणी दिसली. मनोऱ्यावर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारेची. तार तुटून गेलेली, पण खोडाने सालीचे ओठ पुढे काढून चिमणी निम्मी गिळून टाकली होती. 'बाबा, आता वाट सापडली,' जावईबापू म्हणाले. खरंच, तार जिथून गेली तिथूनच माणूस जात असणार.

शिखरावर मनोऱ्याच्या पायांच्या खुणा आणि भोवती झाडंच झाडं. दिसलं काहीच नाही. मी तिथे बसून डबा खाल्ला आणि मला आमचा मनोरा आठवला.

चिखलदऱ्याच्या बाजूला माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखणीला असलेल्या जंगलात, एक मनोरा होता. त्यावर १५ फेब्रुवारी ते १५ जून एक कोरकू फायर वॉचर बसायचे. वयाने मोठे, मी त्यांना काका म्हणायचो. पहाटे एका झाडाखालून सरळ, बारीक धूर निघाला की म्हणायचे, मोहफुलं वेचायला कुणी पाला पेटवलाय, जाऊन समज द्या, पळू नका. तोच धूर जमिनीलगत पसरून सरकायला लागला की वायरलेस उचलायचे. आम्ही आग झोडपायला ओल्या फांद्या तोडून निघायचो, आणि निघायचो ते मनोऱ्याच्याच वाटेने, कारण ती धारेवरून जाते आणि तीन नाल्यांची डोकी त्या एका वाटेवरून गाठता येतात.

उपग्रहाला मी नावं ठेवत नाही. २००४ पासून सूचना येतात, खूप उपयोग होतो. पण तो दाखवतो ३७५ मीटरचा चौकोन, म्हणजे सुमारे १४ हेक्टर, आणि दिवसातून काही ठरावीक वेळा वरून जातो. मोबाईलवर ठिपका दिसला तरी तिथवर पायीच जायचं असतं. पाला उडवायचा ब्लोअर पाठीवर घेऊन रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळीतून कसं जायचं, ते बातमी लिहिणाऱ्याने एकदा जाऊन बघावं.

मागच्या उन्हाळ्यात त्या मनोऱ्याकडे गेलो तर शिडीच्या चार पायऱ्या गायब, आणि वाट रायमुनियाने अशी गिळलेली की सदरा फाडून परतलो. कार्यालयात सांगितलं, तर 'साहेब, आता सॅटेलाईट आहे ना' असं उत्तर मिळालं.

मनोरा पुन्हा चालू करा असं मी म्हणत नाही. तो पाडायचा असेल तरी हरकत नाही. पण दरवर्षी फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला जाळून मोकळे केलेले पट्टे, काढताच ना? त्याच मजुरांकडून, त्याच आठवड्यात, मनोऱ्याची वाटही साफ करून घ्या. जेमतेम दीड किलोमीटर आहे, चार माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम. काका अजून आहेत, पाय थकलेत पण वाट कुठे वळते ते घरी बसून सांगतील. माणसं पाठवण्याआधी त्यांना विचारावं.

आपला,
एक निवृत्त वनपाल, परतवाडा