चेंडू आम्हालाही दिसतो

सोलापूर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉल समालोचनाबद्दल हे पत्र आहे. सोलापुरात रात्री जागून फुटबॉल पाहणारे फार नाहीत, पण आहेत. आणि त्यांचे निम्मे वाद सामन्यावर नसून समालोचकांवर असतात. कुणाला इंग्रजीतला संथ स्वर आवडतो, कुणाला हिंदीतला जोश. त्यावर आमच्यातच एकमत नाही, व्हायची गरजही नाही. एका तक्रारीवर मात्र सगळे ठाम आहोत. समालोचक जे दिसते तेच सांगतो आणि जे दिसत नाही ते सांगत नाही.

मोठ्या स्पर्धांचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या वर उंचावर बसवलेला असतो आणि चेंडूमागे फिरतो. त्यामुळे बावीसपैकी बरेच खेळाडू कोणत्याही क्षणी चौकटीबाहेर असतात. पलीकडच्या बगलेचा विंगर (कडेने हल्ला करणारा खेळाडू) रेषेला चिकटून उभा आहे की आत सरकला आहे, बचावफळी पुढे आली आहे की मागे सरली आहे, हे घरी बसून कळत नाही. गोल कुठून होणार हे मात्र बहुतेक वेळा तिथेच ठरलेले असते. ‘चेंडू उजवीकडे... पुन्हा मध्यभागी... आता डावीकडे’ हे ऐकून आम्ही काय करायचे? चेंडू आम्हालाही दिसतो.

रेडिओच्या काळात ते आवश्यक होते. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड हा सामना हायबरीच्या मैदानावरून थेट ऐकवला. ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकात मैदानाचा चौकोन पाडलेला नकाशा छापला होता, आणि चेंडू कितव्या चौकोनात आहे हे सांगायला समालोचकाशेजारी दुसरा माणूस बसला होता. आज पडद्यावर मैदान हिरवेगार दिसत असताना आमचे समालोचक अजून चौकोनच सांगताहेत.

यामागे दोन कारणे आहेत आणि दोन्ही समजण्यासारखी आहेत. पहिले, परदेशातल्या स्पर्धांचे भारतीय भाषांतले समालोचन बहुधा स्टुडिओत पडद्यासमोर बसून केले जाते. म्हणजे समालोचकालाही आमच्याइतकेच दिसते. उपाय अवघड नाही. विश्वचषकासारख्या स्पर्धेत यजमान प्रक्षेपक मुख्य चित्राबरोबर संपूर्ण संघरचना दाखवणारे उंचावरचे वेगळे चित्रही पुरवतो. ते दुसऱ्या पडद्यावर लावून विश्लेषकाने फक्त त्याच्याकडे पाहावे आणि मुख्य समालोचकाने पहिल्याकडे.

दुसरे कारण क्रिकेट. आपल्याकडे समालोचनाची सवय क्रिकेटने लावली. तिथे दोन चेंडूंमध्ये अर्धे मिनिट सहज मिळते, षटक संपले की आणखी थोडे. त्यात किस्सा बसतो. फुटबॉलमध्ये अशी ठरलेली जागा नसते. एखाद्या खेळाडूच्या गरिबीची कहाणी सुरू झाली की ती संपेपर्यंत दोन थ्रो-इन आणि एक प्रतिहल्ला होऊन गेलेला असतो. कहाणी खरी असते, हृद्यही असते, पण ती चेंडू बाहेर गेल्यावर सांगा. तशी संधी कमी नसते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात साधारण ५५ ते ६० मिनिटेच असतो. विश्लेषकासाठी तर साधा दंडक आहे: चेंडू गोलसमोरच्या शेवटच्या एकतृतीयांश भागात शिरला की वाक्य अर्धवट सोडायचे.

चांगले विश्लेषण कसे असते यासाठी १८ डिसेंबर २०२२ चा अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स हा विश्वचषकाचा अंतिम सामना पाहा. अर्जेंटिनाने दी मारियाला डाव्या बगलेला खेळवले. फ्रान्सच्या देम्बेलेने त्याला पाडले आणि २३ व्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. ३६ व्या मिनिटाला मेस्सी, अल्वारेझ, मॅक ॲलिस्टर असा चेंडू फिरून पुन्हा त्याच बगलेला आला आणि दी मारियाने दुसरा गोल केला. फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी मध्यंतराचीही वाट न पाहता ४१ व्या मिनिटाला देम्बेले आणि जिरू यांना बाहेर काढून कोलो मुआनी आणि थुराम यांना आणले. ६४ व्या मिनिटाला दी मारिया बाहेर गेला. ८० व्या मिनिटाच्या पेनल्टीसाठी ओतामेंडीने ज्याला पाडले तो कोलो मुआनी. पुढच्याच मिनिटाला मेस्सीकडून चेंडू हिसकावणारा कोमाँ हाही बदली खेळाडू, आणि एम्बापेला शेवटचा पास देणारा थुरामही. पहिला अर्धा तास एका बगलेने ठरवला आणि निर्धारित वेळेतली शेवटची दहा मिनिटे बदली खेळाडूंनी, असा हा धागा. तो उलगडायला दोन-तीन मिनिटे पुरतात. त्याऐवजी ‘एम्बापेची जिगर’ आणि ‘मेस्सीचे स्वप्न’ ऐकावे लागले तर सामना पाहिला, पण कळला नाही अशी गत होते. जिगर दोन्ही संघांकडे असतेच. हरणाऱ्याला ‘भूक नव्हती’ हे निकाल लागल्यावर कुणीही म्हणेल.

मध्यंतर १५ मिनिटांचे असते. त्यातून जाहिराती वजा जाता विश्लेषकाला जेमतेम तीन-चार मिनिटे मिळतात. तेवढ्यात पाच गोष्टी उरकण्यापेक्षा दोन चित्रफिती नीट दाखवाव्यात. फीत गोलपासून मागे नको, गोलच्या आधीच्या तिसऱ्या-चौथ्या पासपासून सुरू व्हावी आणि दोनदा थांबावी: पास निघण्यापूर्वी आणि निघताना. होते उलटेच. शेवटचा पास आणि फटका तेवढा चार कोनांतून फिरवला जातो. इंग्लंडमध्ये गॅरी नेव्हिल आणि जेमी कॅरागर हे माजी खेळाडू सोमवारच्या कार्यक्रमात स्पर्शपडद्यावर खेळाडूंभोवती वर्तुळे आखून, बाण काढून हेच करत आले आहेत. दोघे माजी बचावपटू असल्यामुळे असेल, त्यांची नजर चेंडूवर कमी आणि उभे राहण्याच्या जागेवर जास्त असते.

आता नियम. इथे आमचा संयम खरोखर सुटतो, कारण चुकीचा नियम एकदा पडद्यावरून सांगितला गेला की तो दुसऱ्या दिवशी पार्क मैदानावर पोरे पंचालाच शिकवतात.

‘त्याने आधी चेंडू खेळला होता, मग फाऊल कसला?’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सामन्यात ऐकू येते. चेंडूला आधी स्पर्श झाला की माफी, असे नियमात कुठेही नाही. टॅकल निष्काळजी होते का, बेदरकार होते का, की गरजेपेक्षा जास्त जोराचे होते, हे पंच पाहतो. निष्काळजी असेल तर फक्त फ्री किक, बेदरकार असेल तर पिवळे कार्ड, अतिजोराचे असेल तर लाल. तसेच ‘शेवटचा बचावपटू’. असा शब्दप्रयोग नियमात नाही. उघड गोलची संधी हिरावली का हे ठरवताना पंच चार गोष्टी पाहतो: गोलपर्यंतचे अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता, आणि बाकीचे बचावपटू किती व कुठे आहेत. शिवाय २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात फाऊल झाला तर पेनल्टीबरोबर लाल नव्हे, पिवळे कार्ड मिळते. मागून ओढले, ढकलले तर लालच. हे ठाऊक नसलेला समालोचक पंचाला ‘घाबरट’ ठरवून मोकळा होतो.

व्हीएआरचेही (चित्रफीत पाहून मैदानावरच्या पंचाला मदत करणारा पंच) तेच. २०२२ मध्ये तो फक्त चार बाबतींत हस्तक्षेप करू शकत होता: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड. दुसऱ्या पिवळ्यासाठी ‘व्हीएआर झोपला आहे का?’ असे २०२२ च्या विश्वचषकात कुणी ओरडले असेल, तर झोप समालोचकाचीच होती.

ऑफसाइडच्या (पास निघताना आघाडीपटू चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे असण्याच्या) बाबतीत तर थांबवलेल्या चित्रावर बोट ठेवून निकाल दिला जातो. गणित करून पाहा. सेकंदाला २५ चित्रे धरली तर दोन चित्रांमध्ये ४० मिलिसेकंद जातात. सेकंदाला ८ मीटर वेगाने पळणारा आघाडीपटू तेवढ्यात ३२ सेंटिमीटर पुढे जातो, आणि बचावपटू उलट दिशेला येत असेल तर फरक आणखी वाढतो. चेंडू पायापासून नेमका कोणत्या चित्रात सुटला हे डोळ्याने ठरवायचे आणि वर कॅमेरा तिरका. म्हणूनच कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद पाठवत होता. त्याच स्पर्धेत सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल पहिल्याच सत्रात ऑफसाइड ठरले. ते दुर्दैव नव्हते. सौदीचे प्रशिक्षक एर्व्हे रेनार यांनी बचावफळी धोका पत्करून खूप वर उभी केली होती. मेस्सीच्या दहाव्या मिनिटाच्या पेनल्टीनंतरही फळी मागे सरली नाही, आणि मध्यंतरानंतर ४८ व्या व ५३ व्या मिनिटाला गोल करून सौदीने सामना २-१ असा जिंकला. फळी गोलपासून किती दूर आहे एवढेच समालोचकाने दर पाच मिनिटांनी सांगितले तरी नवखा प्रेक्षक ऑफसाइड शिकतो.

चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, हा आणखी एक. पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडून गेला पाहिजे, हवेत असला तरी. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे २२. जमिनीला टेकलेला बिंदू रेषेबाहेर असला तरी चेंडूचा फुगवटा जवळपास ११ सेंटिमीटर आत येतो. त्याच विश्वचषकात स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने मागे ओढलेला चेंडू याच कारणाने खेळात होता, जरी बाजूच्या कॅमेऱ्यातून गवत दिसत होते. उलट ११ जून २०२४ ला विश्वचषक पात्रता फेरीत कतारविरुद्ध भारत १-० ने पुढे असताना चेंडू गोलरेषेबाहेर गेला, परत आत ओढला गेला आणि ७३ व्या मिनिटाचा तो गोल ग्राह्य धरला गेला. त्या सामन्यात व्हीएआर नव्हते. पुढे भारत २-१ ने हरला. अशा क्षणी संतापाबरोबर दोन वाक्यांत नियमही यायला हवा: चेंडू किती बाहेर हवा, कोणत्या कोनातून खात्री पटते, आणि शिट्टी वाजेपर्यंत बचावपटूंनी का थांबायचे नाही.

आकड्यांबद्दल थोडेच. ताबा किती टक्के हे पडद्यावर येताच ‘वर्चस्व’ जाहीर होते. जपानने स्पेनला हरवले तेव्हा जपानकडे चेंडू १८ टक्क्यांहून कमी वेळ होता. त्याच स्पर्धेत स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले, गोल एकही केला नाही आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. एक्सजी (फटक्यातून गोल होण्याची शक्यता) हा आकडा अधिक कामाचा आहे, पण तो समजावून सांगा: पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७६ ते ०.७९ असतो, म्हणजे शंभरातल्या पाऊणशेच्या वर गोल होतात. मग ०.०५ चा फटका चुकल्यावर खेळाडूला शिव्या घालायचे कारण उरत नाही.

नावांचे पाहा. पोलिश आणि क्रोएशियन नावांचा सराव करून येणारे समालोचक भारताच्या लालियानझुआला छांगतेपाशी अडखळतात. मिझो नावांत ‘लाल’ने सुरू होणारी पुष्कळ असतात, त्यामुळे नुसते ‘लाल’ म्हटले की मैदानावरचा कोणता हे कळत नाही. खेळाडूलाच विचारून नाव लिहून घ्यायला दहा सेकंद लागतात.

गोल झाल्यावरची शांतता हाही कसबाचा भाग आहे. १३ मे २०१२ ला अग्वेरोच्या भरपाई वेळेतल्या गोलने मँचेस्टर सिटी इंग्लिश लीगचे विजेते झाले, तेव्हा समालोचक मार्टिन टायलर यांनी नाव ताणून उच्चारले आणि मग काही क्षण मैदानालाच बोलू दिले. आपल्याकडे गोल झाला की शायरी सुरू होते.

आणि मराठी? २०२२ च्या विश्वचषकाचे मोबाइल ॲपवरचे समालोचन इंग्रजी, हिंदी, तमिळ, बंगाली आणि मल्याळममध्ये होते. सोलापूरच्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या मराठी, तेलुगू, कन्नड यांपैकी एकही भाषा त्यात नव्हती. २०२३ च्या आयपीएलला मात्र मराठी समालोचन मिळाले, म्हणजे अडचण तंत्राची नाही. यजमान प्रक्षेपकाकडून प्रेक्षकांच्या आवाजाचा, समालोचनाविना ध्वनी वेगळा येतोच. एक खोली, दोन माणसे, एक ध्वनितंत्रज्ञ एवढीच भर लागते. विनंती एकच, क्रिकेटचे समालोचक उचलून या खुर्चीत बसवू नका. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांत हा खेळ मराठीत अचूक बोलणारी माणसे आहेत. त्यांना नियमांची ताजी प्रत, दोन्ही संघांची पाठ केलेली यादी आणि तो दुसरा पडदा द्या.

जाता जाता आपल्या दैनिकासाठी एक सूचना. ‘आज टीव्हीवर’ या सदरात समालोचनाच्या भाषाही छापाव्यात. आणि चॅम्पियन्स लीगचे रात्रीचे मुख्य सामने आपल्याकडे हिवाळ्यात दीडला, तर युरोपातली घड्याळे पुढे असताना साडेबाराला सुरू होतात. तिकडचा मंगळवारचा सामना इथे बुधवारी उजाडण्याआधी असतो. मंगळवारच्या अंकात त्यापुढे ‘मंगळवारी मध्यरात्रीनंतर’ असे छापले तर कुणी एक दिवस उशिरा टीव्ही लावणार नाही.

आपले,
सोलापुरातील काही फुटबॉलप्रेमी