दिंडीची पंगत मोडू न देणाऱ्या मावशीस

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे घरी येऊन सांगता आलं असतं. पण समोर बसलं की तू "गप रे, त्यात काय एवढं" म्हणतेस आणि विषय तिथंच संपवतेस. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहितोय.

२०२४च्या माघात आजी गेली. आषाढ तोंडावर आला तसा घरात एकच घोर. माउलींची पालखी नीरास्नान उरकून लोणंदला येणार, आजीची दिंडी नेहमीसारखी आपल्या अंगणात उतरणार, आणि घरात अजून वर्ष झालेलं नाही. भावकीतली जाणती माणसं म्हणाली, यंदा राहू द्या, दिंडीला निरोप धाडा. आई तर चुलीकडं बघायलाही तयार नव्हती. तू पदर खोचूनच ओसरीवर चढलीस आणि म्हणालीस, "वारकऱ्याला घास घालायला सुतक कसलं? म्हातारी वरनं बघतीया."

पुढं कोणी काही बोललं नाही.

आजीला तू आमच्याहून जास्त ओळखत होतीस. गळ्यात तुळशीची माळ, अक्षरओळख नाही, तरी हरिपाठाचे २७ अभंग संध्याकाळी तोंडपाठ चालायचे. तिची भक्ती मात्र देवघरात कमी आणि दारात जास्त दिसायची. दिंडी आली की वीणेकऱ्याचे पाय आधी धुवायची. थकल्या-भागल्या बायकांच्या तळपायांना कोमट खोबरेल चोळायची. गाव, जात काही विचारायची नाही, सगळ्यांना एकच हाक, माउली. दिंडी तरडगावच्या वाटेला लागताना शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून द्यायची, वाटेत चांदोबाचा लिंब या ठिकाणी होणारं रिंगण झाल्यावर खायला म्हणून. २०२० साली पायी वारी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या आषाढातही तिनं पिठलं-भाकरीचा नैवेद्य केलाच, आणि रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या पोलिसांना डबे पोचवले. ते डबे नेणारी तूच होतीस.

आजी गेली त्या वर्षी, दिंडी यायच्या दिवशी, तू गल्लीत घरोघर पीठ वाटलंस, दुपारपर्यंत भाकऱ्यांच्या दुरड्या भरून यायला लागल्या. आपल्या चुलीवर मात्र अडलं. ज्वारी जुनी, पिठाला विरी नव्हती. आईनं थापलेली पहिली भाकरी काठानं चिरत गेली आणि आई परातीवरच रडायला लागली. तू तिला उठवलं नाहीस. आधणाचं पाणी ओतून पीठ पुन्हा मळायला घेतलंस, तळहातानं रगड रगड रगडलंस. भाकरी थापलीस, अलगद तव्यावर टाकलीस, वरून पाण्याचा हात फिरवलास. उलटून निखाऱ्यांवर धरली तशी ती टम्म फुगली. मग परात आईकडं सरकवलीस. म्हणालीस, "आता तू." आजी गेल्यापासून आई चुलीपाशी मन लावून बसलेली मी तेव्हाच पाहिली.

पिठल्याचं तर मला अजून नवल वाटतं. नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, हा आजीचा नेम. एवढं मोठं पातेलं, पण मीठ बरोबर पडलंय का हे ती वाफेच्या वासावरून सांगायची. तूही तशीच वाकलीस, वाफ घेतलीस आणि अजून अर्धी मूठ टाकलीस. पंगतीत दिंडीतल्या एका म्हातारबाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "आजी आत हायेत का?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तू त्यांच्या शेजारी बसून हळूच सांगितलंस, त्यांचं पान पुरं होईपर्यंत तिथून हलली नाहीस. जेवून उठल्यावर त्यांनी आजीच्या नावानं अभंग म्हटला. बाबा कधी कुणापुढं रडत नाहीत, त्या दिवशी रडले.

मावशी, तू आमच्या नात्याची नाहीस, रक्ताची नाहीस. आजीच्या हाताखाली उभी आयुष्यं काढलेल्या बायका असतात, त्यांचं नाव पंगतीत कोणी घेत नाही. मी घेतोय. आमच्या दारातली पंगत तुझ्यामुळं मोडली नाही. आई आज पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाही, तेही तुझ्यामुळंच. यासाठी मी आणि आमचं सगळं घर तुझे मनापासून आभारी आहोत.

यंदा ज्वारी नवी घेतली आहे, दळण आदल्या दिवशीच आणतो. गुडघे दुखतात म्हणून तू खाली बसायचं नाहीस. चुलीशेजारी खुर्ची ठेवतो, तिथं बसून नव्या सुनांना शिकव. वीणेकऱ्याचे पाय धुवायचा मान यंदापासून तुझा, हे बाबांनीच ठरवलंय.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
समोरच्या घरातला धाकटा