अर्थमंत्री मॅडम, परदेशी कंपनीला शॉर्टकट, मग आमच्या तारखांचं काय?

माननीय निर्मला सीतारामन मॅडम,

सोलापूरहून नमस्कार. परदेशी गुंतवणूकदारांसाठीचे करार त्यांना आणखी सोयीचे करणार असं तुम्ही बजेटमध्ये म्हणालात, त्याबद्दल लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे बारा लूम आहेत, टॉवेलचे. २०१९ ला एका परगावच्या व्यापाऱ्यानं ४ लाख ६० हजारांचा माल नेला, चेक दिला, चेक परत आला. वकील म्हणाले, शक्यतो सहा महिन्यात केस संपवायची असं कायद्यातच लिहिलंय, आणि मी येडा खूश झालो. तेव्हापासून तारखेला सकाळी लूम चालू करून कोर्टात जायचं, समोरचा वकील आला नाही म्हणून दुपारी परत यायचं, तोवर इकडं दोन लूम धागा तुटून बंद पडलेले असतात.

ह्याचा परदेशी गुंतवणुकीशी काय संबंध म्हणाल, तर आहे की ओ. व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियाची कंपनी, १९८९ ला पिपरवारच्या खाणीसाठी कोल इंडियाशी करार केला, पुढं वाद झाला, २००२ ला लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचांचा, निकाल तिच्या बाजूनं लागला आणि तो अमलात आणायला ती आपल्या कोर्टात नऊ वर्षं ताटकळली. मग तिनं दोन देशांमधला गुंतवणूक करार काढून थेट भारत सरकारलाच आंतरराष्ट्रीय लवादापुढं उभं केलं आणि २०११ ला जिंकली. का, तर दाद मागायची परिणामकारक सोय भारतानं दिली नाही म्हणून! गंमत म्हणजे हे कलम ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, ते कुवेतच्या करारातलं, पण 'दुसऱ्याला दिलं ते आम्हालाही' अशी अट होती, तिच्या जोरावर उचललं.

म्हणजे ज्या दिरंगाईसाठी त्यांना भरपाई मिळाली तीच दिरंगाई मी रोज फुकट सोसतोय.

२०१५ च्या मॉडेल करारात, म्हणजे दुसऱ्या देशांशी असे करार करताना समोर ठेवायच्या नमुन्यात, तुमच्या सरकारनं ती उचलाउचलीची वाट बंद केली आणि आधी पाच वर्षं इथल्याच कोर्टात दाद मागा, मगच आंतरराष्ट्रीय लवादाकडं जा अशी अट घातली, हे मला पटलं होतं. पण २०२४ ला यूएईला पाचाची तीन वर्षं करून दिली. आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये तुम्हीच म्हणालात की मॉडेल करार आणखी गुंतवणूकदार-स्नेही करणार. आता जो देश बोलणीला बसेल तो तीनच्याही खाली मागणार, बाजारात एकाला डिस्काउंट दिला की दुसरा तिथूनच सुरुवात करतो.

मी परदेशी पैशाच्या विरोधात नाही बरं का. स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या चार देशांच्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर आणायचं ठरलं आणि गुंतवणूक आली नाही तर आपल्याला सवलती मागं घेता येतील असं ठेवलंय, ते मला आवडलं, घासाघीस अशी करावी.

माझं मागणं एवढंच, वर्षं आणखी कमी करू नका, त्याऐवजी कोर्टात जज आणि स्टाफ भरायला पैसे द्या, म्हणजे त्या कंपनीचंही काम इथंच होईल आणि माझंही. आणि नव्या मॉडेलचा मसुदा पक्का करायच्या आधी लोकांपुढं ठेवा, २०१५ ला ठेवला होता तसा.

माझी पुढची तारीख १६ ला आहे. त्याआधी उत्तर आलं तर वकिलांनाही दाखवीन.

आपला,
एक टॉवेलवाला, सोलापूर