वकीलताई, तुमच्यासाठी

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

भाऊ जामिनावर घरी आला, तेव्हा तुमच्या कार्यालयात येऊन गेले. गळा दाटून आला, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

दुकानाच्या गल्ल्यातले पैसे गेले आणि मालकाने कामावरच्या पोराचं, माझ्या भावाचं, नाव घेतलं. रात्रीच उचललं त्याला. ओळखीतून आम्ही एक वकील गाठला. त्याने फी आधी मोजून घेतली, "होऊन जाईल" म्हणाला आणि रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी ठरवायला भावाला कोर्टात नेलं तेव्हा, त्याचा फोन बंद! ठाण्यात कलम कोणतं लावलंय हेसुद्धा कुणी सांगेना. अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे नेणं हे त्यांना बंधनकारक आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. नातेवाईक तर एकच सांगत होते, मालकाचे पाय धर.

वकील आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. भावाने नाही म्हणून मान हलवली. मग आरोपीला मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातून तुम्ही आलात.

हवालदार घाई करत होता. तरी तुम्ही बाकावर भावाच्या शेजारी बसलात. रिमांडचा कागद ओळीवर बोट ठेवून त्याला समजावलात आणि विचारलंत, "तुला काय विचारायचंय?"

ताई, तोवर प्रत्येक जण त्याला दरडावत तरी होता, नाहीतर उपदेश करत होता. त्याला काही विचारायचं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. तो हळूच म्हणाला, "मारतील म्हणून मी पोलिसांना हो म्हणालोय. आता संपलं ना सगळं?" तुम्ही म्हणालात, "नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग बघतात. आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुझ्यावर कुणीही करू शकत नाही, राज्यघटनेतच आहे ते." ते ऐकून त्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याचा तो चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

पुढचे अर्ज, तारखा तुम्हीच सांभाळल्यात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय, ते तुम्ही मांडलंत. जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. तेव्हा रक्कम कमी करून घ्यायलाही तुम्हीच उभ्या राहिलात.

"फुकटचा वकील काय कामाचा" असं आम्हाला ऐकवणारे भेटले होते. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायची तरतूद 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. तो हक्क आहे, भीक नव्हे. पण कायद्यात बाकावर शेजारी बसा असं कुठे लिहिलंय? ते तुमचं स्वतःचं. अशी सरळ माणसं खुर्च्यांवर आहेत म्हणून गरिबाला कोर्टाची पायरी चढवते.

खटला अजून चालायचाय. पण आता भाऊ तारखेला स्वतः निघतो, कागद स्वतः वाचतो. परवा शेजारच्या काकूंच्या मुलाला चौकशीला बोलावलं, तर त्यानेच त्यांना मोफत कायदेशीर मदतीचा 15100 हा नंबर लावून दिला.

तुमची,
त्याची ताई