हक्कपत्रावर आईचंही नाव आलं, ताई

ताईंना जोहार,

माझं नाव कुठे छापू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या कितीतरी घरांत नामंजूर झालेले वनहक्क दावे, म्हणजे कसत्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेले अर्ज, अजून ट्रंकेत पडून आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं.

आमचाही दावा तसाच पडला होता. कारण एका ओळीचं: पुरावा अपुरा. ज्यांनी वनजमीन कसल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या जपल्या होत्या, त्यांचे दावे पुढे सरकले. आमच्या आज्याने दंड भरला, पावती मात्र त्याच्या हातात कधी पडलीच नाही. तुम्ही आमच्या ओटीवर बसून वनहक्क नियमांतला १३ वा नियम सगळ्यांना वाचून दाखवलात. बांधबंदिस्ती, विहीर, पूर्वजांना पुरलं ती जागा, वंशावळ, दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे पुरावेच. यातले दोन असले तरी चालतात. अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

मग शेजारच्या पाड्यावरचे म्हातारबाबा जबाबाला आले. तुम्ही त्यांना जराही घाई केली नाहीत. मधल्या बांधाचे दगड कोणी वाहिले, वरईचं वावर कुठून कुठवर, नागली लावायला कोण कोण यायचं, ते सांगत राहिले. तुम्ही शब्द न् शब्द उतरवलात, परत वाचून दाखवलात, त्यांनी सांगितली ती चूक सुधारलीत आणि मगच अंगठा घेतलात. कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीची आमची वहिवाट त्या जबाबाने उभी राहिली. म्हातारबाबा आता नाहीत. त्यांचा शब्द सरकारी फायलीत आहे, हे तुमच्यामुळे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये, दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा आईने राबासाठी, म्हणजे भाताची रोपं लावायची जागा भाजायला, पालापाचोळा गोळा करणंच सोडलं होतं. तुमचा निरोप आला: अपील चालू आहे, राब थांबवू नका. महिना संपायच्या आत न्यायालयाने तो आदेश स्थगित केला. आम्ही राब भाजला, भात लावला.

आणखी एक. अर्जावर फक्त वडिलांचं नाव होतं. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं कायदाच सांगतो, हे तुम्ही वडिलांच्या गळी उतरवलंत. आता कोणी साहेब दारात आला की आई आत जात नाही, हक्कपत्राची झेरॉक्स घेऊन बाहेर येते.

कसतो त्यापेक्षा क्षेत्र कमी मंजूर झालंय. उरलेल्यासाठी अर्ज दिला आहे. ग्रामसभाही सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावरच्या अख्ख्या गावाच्या हक्काच्या, तयारीला लागली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला २००९ मध्ये तो मिळाल्याचं तुम्हीच सांगितलं होतंत. हद्दीच्या खुणा दाखवायला या वेळी पाड्यावरच्या बायाही येणार आहेत. पावसाआधी या. मुक्काम आमच्याकडेच.

तुमची,
पाड्यावरची लेक